फिरतं कोलीत आणि थांबलेला ठिपका



घरी बनवलेल्या लेसर प्रोजेक्टरचा इतिहास हा आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, की हा तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक इथे काय करतोय? शंका रास्त आहे. मी आयुष्यभर न्याय आणि वेदान्त शिकवला. घरातला फ्यूज उडाला तर आजही शेजाऱ्यांना हाक मारतो. तेव्हा आधीच सांगून टाकतो, हा विषय मी निवडलेला नाही. तो माझ्या घरात चालत आला.

माझा नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी श्रावणात त्यानं माझी खोली ताब्यात घेतली. सामान म्हणाल तर भंगारातले दोन स्पीकर, नखाएवढे आरशाचे दोन तुकडे, थोडं रबर, आणि भाषणाच्या वेळी पडद्यावर बोट दाखवायला वापरतात तसला एक लाल लेसर पॉइंटर. पहिल्या दिवशी काही जमलं नाही. आरसा स्पीकरच्या बरोबर मध्यभागी चिकटवला होता. तो नुसता पुढे-मागे व्हायचा, कलायचा नाही, त्यामुळे ठिपका जागच्या जागी. मग त्यानं आरशाची एक कड रबराच्या पट्टीनं चौकटीला बांधली आणि दुसरी कड स्पीकरच्या पडद्याला टेकवली, दाराची बिजागरी असते तशी. आता आरसा कलायला लागला. एका स्पीकरचा आरसा ठिपका आडवा हलवणार, तिथून उजेड दुसऱ्या आरशावर जाणार, तो उभा हलवणार. दिवे घालवले, मोबाइलवरून दोन सूर सोडले, आणि समोरच्या भिंतीवर आडवा पडलेला इंग्रजी आठाचा आकडा उमटला. लखलखीत लाल.

मी थक्क झालो. तेवढ्यात त्यानं मूळ मुद्दा काढला. "आबा, हा फार मंद आहे. सोसायटीच्या गणपतीत चालणार नाही. दोन वॅटचं मॉड्यूल ऑनलाइन मिळतं. तुम्ही बाबांना सांगा ना."

त्याच्या पॉइंटरवर पाच मिलिवॅटपेक्षा कमी असं लिहिलेलं होतं. दोन वॅट म्हणजे त्याच्या चारशे पट. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हणालो, "मला आधी समजून घेऊ दे." आज मी जे बोलणार आहे ते त्या समजून घेण्यातून आलेलं आहे.

सुरुवात आपल्या अंगणापासून करू. दिवाळीत लहान मुलं पेटलेली फुलबाजी हातात धरून गरागरा फिरवतात आणि अंधारात उजेडाचं वर्तुळ दिसतं. वर्तुळ कुठेच नसतं. असतं ते एक पेटलेलं टोक, आज इथे, पुढच्या क्षणी तिथे. आपला डोळा एकदा पडलेला उजेड लगेच विसरत नाही. जुना ठसा पुसला जायच्या आत नवा पडला की दोन्ही एकत्र दिसतात. याला आपण दृष्टिसातत्य म्हणतो.

आपल्या दर्शनकारांनी या गोष्टीचा चांगला उपयोग केला आहे. त्यांचा शब्द अलातचक्र. अलात म्हणजे कोलीत. न्यायदर्शनात मन हे अणू मानलेलं आहे, ते एका क्षणी एकाच इंद्रियाशी जोडलेलं असतं. यावर आक्षेप येतो, की आम्हांला तर एकाच वेळी अनेक गोष्टी कळतात. न्यायसूत्रं उत्तर देतात की ते तसं वाटतं एवढंच. फिरत्या कोलिताचं जसं चक्र दिसतं, तसं मन इतकं भरभर फिरतं की क्रम ध्यानात येत नाही. गौडपादाचार्यांनी तर मांडूक्यकारिकांच्या चौथ्या प्रकरणाला अलातशान्ति हेच नाव दिलं. कोलीत थांबलं की चक्र कुठे जातं? ते बाहेर निघून गेलं नाही, कोलितातही शिरलं नाही. मुळात ते उपजलंच नव्हतं. यावरून ते सगळ्या दृश्य जगाबद्दल बोलतात. तिकडे आज जायचं नाही.

आपल्याकडे सगळं आधीपासून होतंच, असं मला सुचवायचं नाही, बरं का. आपल्याकडे निरीक्षण होतं आणि त्यावरचा विचार होता. कोलीत मात्र हातातच राहिलं. ज्याला आपण लेसर शो म्हणतो त्याचा इतिहास हा तो हात सुटण्याचा इतिहास आहे. हाताऐवजी आरसा आला, आणि पुढे शंभरेक वर्षांनी कोलिताऐवजी लेसर आला. मधे जे जे घडलं ते मी क्रमानं सांगतो.

पहिला माणूस फ्रान्सचा, ज्यूल आंत्वान लिसाजू. पॅरिसच्या लिसे सँ-लुई या शाळेत तो शिकवायचा. १८५०च्या दशकात त्याच्यापुढे प्रश्न होता की आवाज डोळ्यांना कसा दाखवायचा. त्यानं नादकाट्याच्या, म्हणजे ट्यूनिंग फोर्कच्या, टोकाला छोटा आरसा बसवला. बारीक छिद्रातून आलेला उजेड त्या आरशावर टाकला. तिथून तो दुसऱ्या नादकाट्याच्या आरशावर. पहिला काटा उभा थरथरतो, दुसरा आडवा. भिंगातून तो ठिपका पडद्यावर घेतला. म्हणजे आमच्या घरातल्या स्पीकरांच्या जागी नादकाटे ठेवा आणि पॉइंटरच्या जागी दिवा ठेवा, की झाला लिसाजूचा प्रयोग. हे काम त्यानं १८५७ साली प्रसिद्ध केलं. या वक्ररेषांचा अभ्यास अमेरिकेत नॅथॅनियल बोडिच यानं १८१५ मध्येच केला होता, दोन दिशांना झुलणाऱ्या लंबकावरून. पण उजेडानं त्या पडद्यावर आणल्या लिसाजूनं, म्हणून नाव त्याचं राहिलं.

आता या आकृत्यांची गंमत पाहा. दोन्ही काट्यांचा सूर एकच असेल तर पडद्यावर लंबवर्तुळ येतं, कधी वर्तुळ, कधी तिरकी रेघ. एक सूर दुसऱ्याच्या दुप्पट, म्हणजे षड्ज आणि तार षड्ज, असेल तर आडवा आठ. तीनास दोन, म्हणजे षड्ज आणि पंचम, असेल तर आणखी एक वेढा असलेली जाळी. प्रमाण अगदी नेमकं असेल तर आकृती स्थिर उभी राहते. थोडासाही फरक असेल तर ती हळूहळू गिरक्या घ्यायला लागते. फरक जितका जास्त तितकी गिरकी जलद. म्हणजे सूर लागला की नाही हे कानाला विचारायची गरज उरली नाही, डोळ्यांनी मोजता यायला लागलं. फ्रान्सच्या सरकारनं वाद्यांसाठी प्रमाण सूर ठरवायला समिती नेमली, तीत लिसाजू होता. १८५९ साली त्यांनी सेकंदाला ४३५ कंपनं हा सूर ठरवला. आजचा ४४०चा आहे, त्याचा हा थोरला भाऊ.

दुसरा धडा समुद्राच्या तळाशी मिळाला. १८५८च्या ऑगस्टमध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलँड यांच्यामध्ये अटलांटिक महासागरातून पहिली तारायंत्राची केबल टाकली गेली. हजारो किलोमीटर प्रवास करून येणारा विद्युतप्रवाह इतका क्षीण, की साधी सुई हलेना. तेव्हा विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी एक उपकरण केलं. रेशमाच्या तंतूला टांगलेला इवलासा आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेले बारीक चुंबक, भोवती तारेचं वेटोळं. आरसा आणि चुंबक मिळून वजन तांदळाच्या चार-पाच दाण्यांइतकं. प्रवाह आला की आरसा किंचित वळतो. समोरच्या दिव्याचा उजेड त्यावरून परतून लांबच्या पट्टीवर पडतो आणि तिथे ठिपका डावीउजवीकडे सरकतो.

यातली युक्ती शाळेतल्या भूमितीची आहे. आरसा एक अंश फिरला तर परतलेला किरण दोन अंश फिरतो. दहा मीटरवर ते पस्तीस सेंटिमीटर होतात. किरणाला वजन नाही, तो वाकत नाही, मोडत नाही. इतकी लांब आणि इतकी हलकी काठी जगात दुसरी नाही. या उपकरणाला आरशाचा गॅल्व्हॅनोमीटर म्हणतात. आजच्या लेसर प्रोजेक्टरमध्ये आरसे फिरवणाऱ्या छोट्या मोटरला मुलं "गॅल्व्हो" म्हणतात, तो शब्द थेट इथून आलेला आहे.

त्या केबलचं पुढे काय झालं, हे मला नातवाला मुद्दाम सांगावंसं वाटलं. कंपनीचा मुख्य विद्युततज्ज्ञ होता वाइल्डमन व्हाइटहाउस. त्याचा केल्व्हिनच्या नाजूक आरशावर विश्वास नव्हता. संदेश नीट पोचत नाही? मग जोर वाढवा! त्यानं केबलवर सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. केबलच्या आवरणात आधीच दोष होते, ती महिन्याभरात मुकी झाली. एकानं पाठवणाऱ्याची ताकद वाढवली, दुसऱ्यानं पाहणाऱ्याची नजर बारीक केली. हे दोन स्वभाव आपण लक्षात ठेवू, शेवटी कामाला येतील.

तिसरा टप्पा १८८०चा, अलेक्झांडर ग्रॅहम बेल. टेलिफोन होऊन चार वर्षं झाली होती. चार्ल्स टेंटर या सहकाऱ्याबरोबर त्यानं फोटोफोन केला. एका पातळ आरशाच्या मागून बोलायचं. आवाजानं आरसा थरथरतो, त्यावर पडलेलं ऊन तसंच थरथरत पलीकडच्या इमारतीवर जातं, आणि तिथे त्या उजेडाचा पुन्हा आवाज करायचा. वॉशिंग्टनमध्ये २१३ मीटरवर बोलणं पोचलं. ढग आले की संभाषण बंद. आपण गंमत म्हणून डब्याच्या तोंडाला फुगा ताणतो, त्यावर आरशाचा कपचा चिकटवतो आणि मागून ओरडतो, तो याचाच नातेवाईक.

म्हणजे १८८०पर्यंत आरसा तयार होता, त्याला नाचवणारा आवाज आणि वीज तयार होती, डोळा तर पहिल्यापासून होता. अडलं होतं उजेडापाशी. दिव्याचा किंवा सूर्याचा उजेड पसरतो. बारीक ठिपका करायचा तर बराचसा उजेड छिद्रापाशी अडवावा लागतो, मग उरलेला मंद पडतो. मोठ्या सभागृहाच्या छतावर रेघ काढायला तो पुरत नाही.

१९१७ साली आइन्स्टाइननं कागदावर दाखवलं की अणूवर योग्य उजेड पडला तर तो हुबेहूब तसाच आणखी उजेड सोडू शकतो. याला उत्तेजित उत्सर्जन म्हणतात. त्यातून प्रत्यक्ष लेसर व्हायला त्रेचाळीस वर्षं लागली. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यानं माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला, पण तो कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा क्षणभर चमकणारा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल लॅबोरेटरीजमध्ये अली जावान आणि सहकाऱ्यांनी हेलियम आणि निऑन वायूंचा अखंड चालणारा लेसर केला, पण तो डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त. १९६२ मध्ये याच वायूंतून लाल किरण मिळाला. आता अखंड, दिसणारा आणि न पसरणारा ठिपका हाती आला. त्याच प्रयोगशाळेत १९६४च्या सुमारास कार्बन डायऑक्साइडचा लेसर करणारे चंद्र कुमार नारणभाई पटेल हे आपल्या बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. त्यांचा किरण शोसाठी उपयोगाचा नाही, तो दिसतच नाही. पण पोलाद कापतो. किरण दिसणं आणि किरणात ताकद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला तो चांगला.

आणि घरगुती? १९६४ सालीच 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या हौशी वैज्ञानिकांसाठीच्या सदरात हेलियम-निऑन लेसर घरी कसा बांधावा हे छापून आलं. काचेची नळी, निर्वात पंप, वायू, दोन टोकांना अतिशय अचूक जुळवायचे आरसे, आणि उच्च दाबाची वीज. चिकाटी असलेल्याचंच काम. आरसे जुळवण्यात आठवडे जायचे. हे लक्षात ठेवा, कारण त्या काळी ज्याच्या हातात लेसर असे त्याला तो आतून माहीत असे.

मग कलावंत आले. लोवेल क्रॉस नावाचा अमेरिकन संगीतकार टेलिव्हिजनच्या नळीवर संगीतातून आकृत्या काढत होता. डाव्या बाजूचा आवाज किरण आडवा ओढणार, उजव्या बाजूचा उभा. लिसाजूच, फक्त काचेच्या नळीत. पडदा लहान होता ही अडचण. त्यानं बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ कार्सन जेफ्रीज आणि संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्याबरोबर लेसर आणि फिरते आरसे जोडले. ९ मे १९६९ रोजी ओकलंडच्या मिल्स कॉलेजात त्यांनी आरशांनी नाचवलेल्या अनेक रंगांच्या लेसरचा कार्यक्रम लोकांसमोर केला. या प्रकारचा हा पहिला मानला जातो. पुढच्याच वर्षी ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात तशी यंत्रणा झळकली.

दुसरी वाट लॉस एंजेलिसची. १९७०च्या नोव्हेंबरात आयव्हन ड्रायर हा चित्रपटवाला कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये गेला. तिथे एल्सा गार्मायर या लेसरवर संशोधन करणाऱ्या बाई खडबडीत काचेतून किरण सोडून ढगांसारखी चित्रं काढत. ड्रायरनं त्यांचं चित्रीकरण केलं आणि नंतर पाहिलं तर फिल्मवर त्यातला जीव गेलेला. तेव्हा त्यानं ठरवलं की हे लोकांना प्रत्यक्षच दाखवायचं. १९ नोव्हेंबर १९७३ रोजी ग्रिफिथ वेधशाळेच्या तारांगणात 'लेसेरियम' सुरू झालं आणि तिथे २००२पर्यंत चाललं. एक क्रिप्टॉन लेसर, प्रिझमनं वेगळे केलेले त्याचे चार रंग, आणि यंत्रापाशी बसलेला एक माणूस, जो संगीताबरोबर आकृत्या हातानं वाजवत असे. हो, वाजवत असे हाच शब्द योग्य. प्रत्येक खेळ थोडा वेगळा. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. किरण जात होता घुमटावर, माणसांच्या डोक्यांवरून. प्रेक्षक चित्राकडे बघत होते, लेसरकडे नाही.

आता थोडं यंत्राच्या आत डोकावू, कारण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला सर्वांत आवडेल अशी गोष्ट तिथे आहे. टेलिव्हिजनच्या नळीतला इलेक्ट्रॉन म्हटला तर वळतो, त्याला वजन जवळपास नाहीच. आरशाला मात्र वजन आहे, म्हणजे जडत्व आहे. त्याला काटकोनात वळायला सांगितलं तर तो कोपरा गोल करून टाकतो. म्हणून चौकोन काढायचा असेल तर प्रत्येक कोपऱ्यावर तोच बिंदू अनेकदा द्यावा लागतो, "थांब बाबा, पोच, मग पुढे जा" असं. आजचे चांगले आरसे सेकंदाला तीस हजार बिंदू काढतात. सेकंदाला तीस चित्रं धरली तर एका चित्राच्या वाट्याला फक्त हजार बिंदू.

लेसर शो करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना १९८६ मध्ये स्थापन झाली. आरसे नीट जुळले आहेत का हे तपासायला तिनं एक नमुना आकृती ठरवून दिली आहे. तीत मधोमध चौकोन आणि वर्तुळ आहे. आरसे व्यवस्थित असतील तर भिंतीवर वर्तुळ चौकोनाच्या आत बरोबर बसतं. पण फाइल उघडून पाहाल तर वर्तुळाचे बिंदू चौकोनाच्या बाहेर आहेत! आरसा तिथवर पोचणार नाही, जडत्वामुळे आतूनच वळणार, हे धरून ते मुद्दाम बाहेर दिलेले आहेत. खरं चित्र दिसावं म्हणून आज्ञा चुकीची द्यावी लागते. मला हे नातवानं दाखवलं तेव्हा मी त्याला म्हणालो, की शिक्षकाच्या नोकरीत चाळीस वर्षं मी हेच केलं. (हशा)

शेवटचा टप्पा स्वस्ताईचा. अर्धवाहक लेसर १९६२ मध्ये झाला, तेव्हा त्याला भयंकर थंडीत ठेवावं लागे. १९७० मध्ये तो खोलीच्या तापमानाला अखंड चालायला लागला. १९८२ पासून सीडी प्लेअरमधून तो घरोघर शिरला. १९९६ मध्ये जपानच्या शुजी नाकामुरांनी निळा अर्धवाहक लेसर केला. लाल, हिरवा, निळा मिळाले की कुठलाही रंग करता येतो. एका रंगाला आरपार सोडणाऱ्या आणि दुसऱ्याला परतवणाऱ्या काचा वापरून तिन्ही किरण एका रेषेत आणायचे. हौशी लोकांनी डीव्हीडी बर्नर फोडून लाल लेसर काढले, जुने प्रोजेक्टर फोडून निळे काढले. आरसे हलवायला काहींनी संगणकाचं साउंड कार्ड वापरलं. डाव्या कानाचा आवाज आडवा, उजव्या कानाचा उभा. लिसाजू पुन्हा हजर.

१९७०च्या दशकात काही वॅटचा लेसर म्हणजे मोठी पेटी, पाण्यानं थंड करायची, वीज खाणारी, किंमत अफाट. आज तेवढी ताकद अंगठ्याएवढ्या डब्यात मावते आणि कुरिअरनं घरी येते. किंमत, आकार आणि कष्ट हे पूर्वी रखवालदार होते. ते तिघंही नोकरी सोडून गेले. आपल्याकडे म्हण आहे, माकडाच्या हाती कोलीत. मी नातवाला माकड म्हणत नाही. पण कोलीत हा शब्द मला वारंवार आठवत राहिला.

आता डोळ्याचा हिशेब करू. सूर्याकडे पाहू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो. सूर्याची दृष्टिपटलावर पडणारी प्रतिमा सुमारे ०.१६ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्यात काही मिलिवॅट ताकद असते. लेसरचा किरण डोळ्याचं भिंग याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या ठिपक्यात गोळा करतं, म्हणजे क्षेत्रफळ शंभरावा हिस्सा. म्हणून एक मिलिवॅटचा लेसरसुद्धा त्या ठिपक्यावर सूर्यापेक्षा तीव्र असतो. एक मिलिवॅटपर्यंत पापणी आपल्याला वाचवते, ती पाव सेकंदात मिटते. दोन वॅटच्या बाबतीत पाव सेकंद फार उशीर झाला.

"पण आबा, किरण तर फिरत असतो ना!" हा त्याचा युक्तिवाद होता आणि तो चुकीचा नव्हता. फिरता ठिपका बाहुलीवरून क्षणाच्या बारीक अंशात निघून जातो. पण मी विचारलं, "आणि आरसा थांबला तर?" वायर तुटली, मोटर अडकली, संगणक गोठला, तर अख्ख्या चित्रात वाटला गेलेला सगळा उजेड एका बिंदूवर येऊन उभा राहतो. म्हणूनच धंदेवाईक यंत्रांत आरसा थांबताच किरण तोडणारं सर्किट असतं, हाताशी बंद करायचं मोठं बटण असतं. अमेरिकेतला नियम असा, की किरण प्रेक्षकांच्या जमिनीपासून किमान तीन मीटर उंचावर राहिला पाहिजे. स्वस्तातल्या डब्यात यातलं काही नसतं.

ही भीती पुस्तकी नाही. २००८ मध्ये मॉस्कोजवळच्या एका खुल्या संगीत महोत्सवात लेसर प्रेक्षकांवर फिरले आणि कित्येक तरुणांची दृष्टिपटलं भाजली. आपल्याकडे पुणे, कोल्हापूर या शहरांत अलीकडच्या वर्षांत विसर्जन मिरवणुकांनंतर तरुणांच्या डोळ्यांना झालेल्या इजांबद्दल नेत्रतज्ज्ञ बोलले आणि २०२४च्या गणेशोत्सवात पुण्याच्या पोलिसांनी लेसरवर बंदी घातली. मिरवणुकीत लेसर वरच्या घुमटावर नसतो. तो ट्रकवरून नाचणाऱ्यांच्या तोंडावर येतो.

इथे मला माझा जुना ग्रंथ वेगळा दिसला. गौडपादाचार्य म्हणतात की कोलीत शांत झालं की चक्र उरत नाही. खरं आहे. पण मी वर्गात हे चाळीस वर्षं शिकवताना एक साधी गोष्ट बोललो नव्हतो. चक्र उरत नाही, पण निखारा उरतो. वर्तुळ आभास असेल, त्याच्या टोकाचा विस्तव आभास नाही. चित्र बघणारा माणूस वर्तुळ बघतो. यंत्र बांधणाऱ्यानं निखाऱ्याकडे बघायचं असतं. गतीमुळे चित्र दिसतं आणि गतीमुळेच निखारा लपतो. लेसर शोची सगळी गंमत आणि सगळा धोका या एकाच वाक्यात आहे.

हे सगळं मी नातवाला सांगितलं. वादावादी झाली, दोन दिवस अबोला झाला. मग मी त्याला केल्व्हिन आणि व्हाइटहाउस यांची गोष्ट सांगितली. म्हटलं, जोर वाढवण्याऐवजी अंधार वाढवून बघू या का?

गणपतीत तिसऱ्या दिवशी आरतीनंतर सोसायटीच्या पार्किंगमधले सगळे दिवे पंधरा मिनिटं बंद केले. पॉइंटर तोच, जुना. स्पीकर एका उंच कपाटावर, तोंड पांढऱ्या भिंतीकडे, माणसं सगळी खाली. आठ आला, वर्तुळ आलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं मोबाइलवरच्या पेटीतून षड्ज आणि पंचम एकत्र लावले. जाळी आली, पण ती हळूहळू फिरत होती, अडीच-तीन सेकंदांत एक फेरा.

आमच्याकडे गाणं शिकवणाऱ्या एक काकू आहेत. त्या अंधारातून म्हणाल्या, "अरे, तुझा पंचम किंचित उतरलाय."

त्या भिंतीकडे पाहतसुद्धा नव्हत्या, डोळे मिटून बसल्या होत्या. आणि त्यांचं बरोबर होतं. मोबाइलवरची पेटी पाश्चात्त्य समविभागलेल्या सप्तकाची. तिचा पंचम नेमका दीडपट नसतो, किंचित कमी असतो. षड्ज १२० कंपनांचा असेल तर शुद्ध पंचम १८०चा हवा, पेटीचा येतो १७९.८च्या आसपास. कानाला जो एवढासा फरक काकूंनी पकडला, तोच भिंतीवर गिरक्या घेत होता. नातवानं पेटी बंद केली आणि दोन आकडे स्वतः टाकले, १२० आणि १८०. जाळी जागच्या जागी उभी राहिली. काकू म्हणाल्या, "आता लागला." त्यांनी अजूनही डोळे उघडले नव्हते.

लिसाजूनं एकशे साठ-सत्तर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये जे पाहिलं ते आम्ही पार्किंगमध्ये पाहिलं, आणि त्यासाठी पाच मिलिवॅटसुद्धा जास्तच होते.

नातवाच्या मनातून दोन वॅट गेले का? नाही. तो म्हणतो, आधी आरसा थांबल्यावर किरण तोडणारं सर्किट स्वतः बांधून दाखवतो, मग बोलू. मी म्हटलं, ते चाललं तर मी स्वतः बाबांशी बोलेन. तो गेले तीन महिने त्या सर्किटावर बसला आहे. परवा पहिल्यांदा ते चाललं, आणि मग लगेच बंद पडलं.